टोळांचं माहेर आणि साळूमावशीची कलिंगडं

एका जंगलात सिंह होता, हत्ती होता, माकडं होती, आणि गोष्टीत लागतात ते बाकीचे सगळे प्राणीही आपापल्या जागी हजर होते. पण मुलांनो, ही गोष्ट त्यांची नाही. ही गोष्ट आहे त्या जंगलावरून दर वर्षी उडत जाणाऱ्या टोळांची, आणि त्यांच्यातल्या रेवली नावाच्या एका तरुण टोळणीची.

टोळ किती होते? छान विचारलंत. ते कुणालाच माहीत नव्हतं. टोळांची झुंड जंगलावर आली की भर दुपारी घुबडं जागी होत आणि "आज दिवस लवकर संपला वाटतं" म्हणत शिकारीला निघत. झुंडीचं पुढचं टोक नदीवर पोचलं तरी मागचं टोक तीन डोंगरांपलीकडे न्याहारी करत असे. एकदा टोळांनी स्वतःची मोजणी करायचं ठरवलं. पण मोजणारे मोजता मोजता गर्दीत मिसळून गेले, आणि मग त्यांनाच शोधायची वेळ आली. तेव्हापासून मोजणी बंद. कुणी विचारलंच तर टोळ छाती फुगवून सांगत, "इतके तर आहोत!"

झुंडीला एक नायक होता. त्याचं नाव अफाटराव. दिशा ठरवणं हे त्याचं काम. रोज सकाळी तो उंच झुडपावर चढे, वारा कुठे वाहतोय ते बघे, आणि मग उजवा पाय वर करून गर्जना करे, "आज आपण पूर्वेकडे जाणार!" सगळी झुंड उडे आणि खरोखर पूर्वेकडे जाई. आजवर अफाटरावांचा एकही निर्णय चुकला नव्हता.

शिस्त म्हणाल तर टोळांसारखी कुणाची नाही. पंख फुटण्याआधी टोळांची पोरं जमिनीवरून रांगेनं चालतात. चालताना एखादं पोर थांबलं, तर मागचं पोर त्याची तंगडी खातं. म्हणून कुणी थांबत नाही. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, केवढी ही जिद्द! टोळ याला आगेकूच म्हणतात. रेवलीच्या डाव्या पायावर अशीच एक खाच होती. तिच्यामागून चालणाऱ्या दाटीकाकूनं ती पाडली होती. काकू तशी रेवलीहून चारच दिवसांनी मोठी, पण टोळांत चार दिवस म्हणजे पुष्कळ झाले. तिनंच रेवलीला सांभाळलं होतं आणि तिनंच चावलं होतं.

टोळांचा सगळा संसार आकाशात. आज या रानात, उद्या त्या रानात. पण पोटात अंडी झाली की प्रत्येक टोळीण माहेरी जाई. सोनवळ नदीच्या वळणावर वाळूचा एक पट्टा होता. तेच सगळ्यांचं माहेर. आईनं तिथेच अंडी घातली, आजीनं तिथेच, पणजीनंही तिथेच. सगळ्यांनी एकाच दिवशी उतरायचं, एकमेकींना खेटून बसायचं, आणि वाळूत चार बोटं खोल अंडी घालायची. ती अंडी पुढच्या पावसापर्यंत तिथे झोपत. मग एका सकाळी सगळी वाळू उकळल्यासारखी हलायला लागे.

दुसरीकडे कुठे जाऊन, एकटीनं अंडी घालणं म्हणजे घराण्याची बेअब्रू. अशा टोळणीला सगळे म्हणत, "नाकतोडी!" टोळांकडे याहून वाईट शिवी नाही. नाकतोडा हिरवा असतो, लाजरा असतो, एकटा राहतो, आणि कुणाची तंगडी खात नाही. याहून खाली आणखी काय घसरायचं?

तर अशी सगळी सुखसमृद्धी असताना एक दिवस मोठं वादळ झालं. त्यानं रेवलीला झुंडीतून अलगद उचललं आणि थेट समुद्रकाठी नेऊन टाकलं.

रेवली जन्मात कधी एकटी राहिली नव्हती. पहिले दोन दिवस ती एकाच जागी गोल गोल फिरत राहिली. मागून कुणी चावत नसताना पुढे कसं जायचं, तेच तिला कळेना.

तिसऱ्या दिवशी पहाटे समुद्रातून एक म्हातारी कासवीण वर आली. तिनं आधी वाळूवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारली. मग खड्डा केला आणि अंडी घालायला बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"रडताय का, कासवबाई?" रेवलीनं विचारलं.

"मीठ आहे ते. समुद्रातलं. बाहेर टाकावं लागतं." कासवबाई म्हणाली. "तू कोण गं? आणि अशी भोवऱ्यासारखी का फिरतेस?"

रेवलीनं आपली सगळी हकिकत सांगितली. झुंड केवढी, तिची सावली केवढी, अफाटराव कसे कधीच चुकत नाहीत, सगळं सांगितलं.

"बरं," कासवबाई म्हणाली. "आणि तुमची पोरं होतात ती वाळू केवढी आहे?"

रेवलीनं पायाखालच्या वाळूकडे पाहिलं.

"मोजली नाहीस? मी दर वर्षी आल्या आल्या आधी तेच करते. अगं, समुद्र सगळा माझाच आहे. तो कुठवर पसरलाय ते मलाही ठाऊक नाही. पण माझी पोरं होतात एवढ्या इथे. गेल्या खेपेला ही वाळू पासष्ट पावलं होती. या खेपेला चाळीस."

"बाकीची पंचवीस पावलं कुठे गेली?"

"तिथे आता खुर्च्या मांडल्यात."

"कुणी?"

"ज्यांना समुद्र फार आवडतो त्यांनी."

पंधरा दिवसांनी कासवबाई पुन्हा वर आली. या दोन भेटींत रेवलीची सगळी शाळा झाली. ती उड्या मोजून जमीन मोजायला शिकली. शंभरापुढे मोजायला शिकली. एखादी जात संपते ती कशी संपते, हेही शिकली. कासवबाईनं समुद्रातले चार-पाच मासे नावानिशी सांगितले, जे आता फक्त तिच्या आठवणीत पोहत होते. "त्यांतला एकही थोडाथोडका नव्हता गं," ती म्हणाली. "सगळे मोप होते."

मग वाऱ्यानं दिशा बदलली आणि रेवली घरी निघाली. डोकं नव्या ज्ञानानं तापलं होतं आणि पोट अंड्यांनी जड झालं होतं. वाटेत तिनं मनातल्या मनात सात भाषणं तयार केली.

झुंड अजून आठ दिवसांच्या अंतरावर होती. म्हणून रेवली आधी सोनवळ नदीवर उतरली आणि तिनं माहेर मोजलं. लांबी चारशे उड्या. रुंदी साठ उड्या.

काहीतरी चुकलं असणार, म्हणून तिनं पुन्हा मोजलं. या वेळी लांबी चारशे दोन भरली, कारण ती दमली होती.

तीन डोंगर झाकणारी झुंड, आणि तिचं माहेर एवढंसं!

वाळूच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी खणत होतं. रेवली उड्या मारत तिकडे गेली. ती होती साळिंदरीण, साळूमावशी. आपल्या पुढच्या पायांनी भराभर वाळू उकरत होती आणि तोंडानं गाणं म्हणत होती.

"मावशी, काय करताय?"

"कोण, टोळीण का? ये गं ये. अशी उन्हात काय उभी? आधी ही फोड खा, मग बोलू." मावशीनं कलिंगडाची लालभडक फोड पुढे केली. "माझ्या वाडीतलं आहे. गेल्या साली इथे सहज एक बी थुंकले, तर हे एवढं फळ आलं बघ! आता सगळं जंगल मागतंय. हत्तीणबाईंच्या नातवाचं बारसं आहे, त्यांनाच चाळीस हवीत. या साली नुसता हा कोपरा केलाय. पाऊस सरला की पार वळणापर्यंत खणते. खत घालते, पाट काढते."

रेवलीनं फोड खाली ठेवली. "सगळी वाळू?"

"सगळी. रिकामीच तर पडलीय."

"रिकामी नाही, मावशी. आमचं माहेर आहे ते."

"हो? मला वाटलं तुम्ही आकाशात राहता!"

"राहतो आकाशात. जन्मतो इथे. आठ दिवसांनी सगळ्या टोळणी इथे उतरतील. अंडी पुढच्या पावसापर्यंत वाळूत असतात. तुम्ही मध्येच खणलंत तर ती वर येतील, उन्हानं वाळतील, उरलेली पाटात बुडतील."

साळूमावशी फार मायाळू होती. तिचे काटे हळहळीनं उभे राहिले. "अगं बाई! मला काय तुमच्या लेकरांच्या जिवावर उठायचंय? माझं तुमच्याशी वैर का आहे? पण बाळा, बारशाचं कबूल करून बसले गं मी. ऐन वेळी नाही कसं म्हणू? आणि खरं सांगू का, थोडी अंडी गेली तरी तुम्हाला काय कळणार आहे! इतके तर आहात!"

मागून ढेकर ऐकू आली. रेवलीनं वळून पाहिलं आणि ती उडायच्या बेतात आली. तिथे टोळ निवारण समितीचे अध्यक्ष, खुद्द गवासाहेब, तिसरं कलिंगड संपवत बसले होते. गेली बारा वर्षं ते टोळांविरुद्ध लढत होते. आणि आता टोळांचं सगळ्यात नाजूक गुपित त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"घाबरू नकोस, बस," गवासाहेब मिशीतली बी झटकत म्हणाले. "वाळूशी आमचा संबंध नाही. समितीचं कार्यक्षेत्र आकाश. ढोल, डबे, कडुनिंबाचा धूर. लढाई कशी लांबून दिसली पाहिजे! महाराज गुहेतून बघत असतात. वाळूत घुसून आम्ही काय दाखवायचं त्यांना?"

"पण साहेब, वाळू गेली तर आम्हीच जाऊ. कायमचे," रेवली बोलून गेली.

गवासाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. "ऐकलंत का मावशी? बारा वर्षं आम्ही ढोल बडवतोय, यांचा एक पंख कमी झाला नाही. आणि हे म्हणे कलिंगडानं संपणार! अगं, इतके तर आहात!"

मावशीनं मात्र जाताना रेवलीला जवळ बोलावलं. "हे बघ, त्या करंजापलीकडे थोडी वाळू आहे. तिथे मी कधी जायची नाही. तिथला पाचोळा काट्यांत अडकतो माझ्या. शब्द देते तुला."

रेवलीनं ती वाळू मोजली. जेमतेम तीस उड्या. पण चांगली होती. आणि रेवलीच्या मनात एकदम उजेड पडला. थोड्या जणी इथे, थोड्या वरच्या ओढ्याला, थोड्या पलीकडच्या नदीला. पंख तर सगळ्यांना आहेतच. सगळ्यांची पोरं एकाच जागी कशाला?

आठव्या दिवशी झुंड आली. झाडांच्या फांद्या ओझ्यानं वाकल्या. रेवली जिवंत परतलेली पाहून सगळ्यांना आनंद झाला. तो आनंद ती बोलायला लागेपर्यंत टिकला.

अफाटरावांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती उड्या म्हणालीस?"

"चारशे लांब, साठ रुंद."

"आणि आपण किती आहोत?"

"ते... मोजता येत नाही."

"ऐका!" अफाटराव झुंडीकडे वळले. "जे मोजता येत नाही, ते आता मोजता येणाऱ्याला घाबरणार!"

फांद्याफांद्यांवरून पाय वाजले. टोळांना टाळ्या नसतात, ते तंगड्या पंखांवर घासतात. तो आवाज बराच वेळ थांबेना.

"नायक, भीतीचा प्रश्न नाही," रेवली ओरडून सांगू लागली. "या वर्षी आपण विभागून अंडी घालू या. चार नद्यांवर. एक वाळू गेली तरी तीन राहतील!"

"म्हणजे वेगवेगळं बाळंत व्हायचं?" मागून एक टोळीण किंचाळली. "कुणी तिकडे, कुणी इकडे? नाकतोड्यांसारखं?"

तो शब्द ऐकून शेजारच्या टोळणी रेवलीपासून दोन पावलं सरकल्या.

"शिकायला गेली आणि नाकतोडी होऊन आली," कुणीतरी हळूच म्हणालं.

"खारं वारं लागलंय डोक्याला."

"हिरवी दिसायला लागलीय बघा. पोटाकडून."

"आणि ते साळिंदरीणबाईंचं काय?" रेवलीनं शेवटचा प्रयत्न केला. "त्या खणणार आहेत!"

"खणू दे की!" अफाटराव मोठ्या मनानं म्हणाले. "लोकांनी लोकांचं काम करावं. चार पोरं गेली तर आठ होतील. बेटा, जरा मागे वळून बघ. इतके तर आहोत!"

रेवलीनं मागे वळून पाहिलं. खरंच होते. आभाळ संपेपर्यंत होते. क्षणभर तिला स्वतःचीच लाज वाटली. एवढ्या सगळ्यांना कळत नाही आणि आपल्याला एकटीला कळतं, असं कसं होईल?

तिची तयार केलेली सात भाषणं होती. सहा तशीच राहिली.

संध्याकाळी दाटीकाकू तिच्या फांदीवर येऊन बसली. एक पान चघळलं. मग इकडे तिकडे बघून म्हणाली, "रेवले, ती साळू खरंच खणणार?"

"हो, काकू. पाऊस सरला की."

"मला वाटलंच. सकाळी जाऊन बघून आले मी. कोपऱ्यातली वाळू पायाला ओली लागते."

"मग मघाशी का नाही बोललीस?"

"एकटीनं?" काकूला खरंच नवल वाटलं.

"आपण दोघी होतो ना! उद्या माझ्याबरोबर चल, काकू. करंजापलीकडे तीस उड्यांची जागा आहे. चांगली मऊ वाळू आहे."

"दोघीच?"

"दोघीच."

"आणि मागे लोक काय म्हणतील?"

"काकू, मागे लोक राहणारच नाहीत!"

काकूनं तिच्या डाव्या पायावरच्या खाचेवरून मिशी फिरवली. "तू लहानपणापासून अशीच. मध्येच थांबायचीस, इकडे तिकडे बघायचीस. मी चावले नसते तर रांगेबाहेर गेली असतीस केव्हाच." मग ती उठली. "मला नाही जमायचं गं. जे व्हायचं ते सगळ्यांबरोबर होऊ दे. मला एकटीला जिवंत राहायची भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी सगळ्या टोळणी माहेरी उतरल्या. वाळू दिसेनाशी झाली. नदीकाठी गवासाहेबांची समिती ढोल आणि डबे घेऊन सज्ज होती. ठरल्या वेळी दणदणाट सुरू झाला. गुहेच्या तोंडाशी बसून सिंहमहाराज मान डोलावू लागले. खाली टोळणीही खूश झाल्या.

"काही म्हणा, माहेरी आलं की वाजंत्री असतेच," एक दुसरीला म्हणाली.

रेवली वाळूच्या कडेला उभी होती. तिला निघायचं होतं. पण गर्दीचा तो ओळखीचा वास आला. शेजारणीचा पाय तिच्या मागच्या पायाला घासला. पुन्हा घासला. मुलांनो, हे असं घासणं वाईट असतं. अंगात एक गोड गुंगी चढते, आणि मग आपले पाय आपले राहत नाहीत. रेवली दोन पावलं आत गेली. तिसरं टाकलं. पोटातली अंडी खाली ओढ घेऊ लागली. इथेच, इथेच, सगळ्यांमध्ये, म्हणू लागली.

तेव्हा रेवलीनं डोळे मिटून मोजायला सुरुवात केली. एक उडी. दोन उड्या. ढोल वाजत होते. तीन. कुणीतरी ओरडलं, "चालली बघा नाकतोडी!" चार. पाच. एकशे बाराव्या उडीला करंज आला.

एकटीनं वाळू उकरायची तिला सवय नव्हती. माहेरी शेजारणीनं उकरलेल्या खड्ड्याची कड आयती मिळते. इथे चारी बाजू स्वतःच्या. दोनदा खड्डा ढासळला. तिसऱ्यांदा जमला. तिनं अंडी घातली आणि घालता घालता मोजली. ब्याण्णव.

तिनं वर पाहिलं तेव्हा लांबवर त्या पिवळ्या गर्दीत एक मिशी वर झालेली तिला दिसली. दाटीकाकूची असेल. किंवा वारा असेल.

झुंड वाऱ्याबरोबर पुढे गेली. अफाटरावांनी दिशा बरोबर सांगितली. थंडी पडायच्या सुमारास सगळे मोठे टोळ नेहमीप्रमाणे म्हातारे होऊन समाधानानं मेले. "पुढच्या वर्षी आपण याहून जास्त असू," हे अफाटरावांचे शेवटचे शब्द. रेवली करंजाखाली राहिली होती. तिच्यामागे चावायला कुणी नव्हतं. म्हणून एका दुपारी ती नुसतीच थांबली.

इकडे थंडीआधीच पाऊस सरला होता. साळूमावशीनं पार वळणापर्यंत वाळू खणली. खणताना तांदळाच्या दाण्यांसारखे लांबट दाणे ढिगांनी वर आले. मावशीला वाईट वाटलं. होतील तेवढे तिनं परत पुरले आणि वर खत घातलं. बाकीचे साळुंक्यांनी आणि मुंग्यांनी नेले. मग मावशीनं पाट सोडला.

त्या वर्षी कलिंगडं इतकी गोड झाली की बारशाला आलेले पाहुणे तीन दिवस हलेनात.

पुढचा पाऊस झाला. टोळांची वेळ झाली. गवासाहेबांची समिती ढोल घेऊन नदीकाठी उभी राहिली. पहिल्या दिवशी आकाश निळं होतं. दुसऱ्या दिवशीही निळंच. चौथ्या दिवशी ढोलवाले कंटाळून कलिंगड खायला गेले. आठव्या दिवशी गवासाहेबांनी विजय जाहीर केला.

महाराजांनी त्यांना 'आकाशवीर' हा किताब दिला. समिती बरखास्त झाली का? छे! टोळ परत येऊ नयेत म्हणून ती मोठी केली. ढोल दुप्पट केले. दर वर्षी विजयदिनी समिती रिकाम्या आकाशाकडे बघून तासभर ढोल वाजवू लागली, आणि दर वर्षी तिला पूर्ण यश येऊ लागलं.

थंडीत दूर देशाहून भोरड्या पक्ष्यांचे गुलाबी थवे येत असत. ते टोळ खाऊन राहत. ते आले, चार दिवस घिरट्या घालत राहिले, आणि उपाशी परत गेले. पुढच्या वर्षी आलेच नाहीत. त्याची नोंद कुणी घेतली नाही, कारण भोरड्यांविषयी समिती नव्हती.

काही वर्षांनी गवासाहेबांना वाटलं, आपल्या पराक्रमाचं एक संग्रहालय असावं. संग्रहालय बांधलं. त्यात ढोल मांडले, डबे मांडले. मधल्या चौथऱ्यावर ठेवायला एक टोळ हवा होता. अख्खं जंगल धुंडाळलं, टोळ मिळेना. मेलेला मिळेना, पंख मिळेना, तंगडी मिळेना. कुणीच जपून ठेवला नव्हता.

"कोण कशाला ठेवेल?" साळूमावशी म्हणाली. "इतके तर होते!"

शेवटी मातीचा टोळ केला. त्याला आठ पाय आणि दोन सुळे लावले. तो पाहून ज्यांनी टोळ पाहिले होते त्यांनाही टोळ असाच होता असं वाटायला लागलं.

उद्घाटनाच्या दिवशी गवासाहेब फीत कापायला आले, तर उंबरठ्यावर एक किडा बसलेला. हिरवागार, लाजरा, एकटाच. रेवलीच्या ब्याण्णव अंड्यांतून सतरा पोरं जगली होती, आणि त्यांच्या पोरांच्या पोरांपैकी ही एक होती. गर्दीत कधी कुणाचा पाय हिच्या पायाला घासला नव्हता, त्यामुळे ती पिवळी झाली नाही, उधळली नाही, कुणाला चावली नाही. आपण टोळ आहोत हे तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

"हुश्श!" गवासाहेबांनी शेपटी झटकली. "नाकतोडा कुठला! आत टोळाचं प्रदर्शन आहे. व्हा बाजूला!"

ती गडबडून उडाली आणि उड्या मारत करंजापलीकडे आपल्या वाळूवर गेली. तिचं पोट अंड्यांनी जड झालं होतं. अंडी घालायला बसण्याआधी, का कोण जाणे, ती वाळूच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा उड्या मारत गेली. बावीस उड्या झाल्या. तिच्या आईच्या वेळी सव्वीस झाल्या होत्या.

साळूमावशीनं शब्द मोडला नव्हता. ती करंजापलीकडे एकदाही आली नाही. पण वेलांनी कुणाला शब्द दिला नव्हता. ते वळणावरून करंजाच्या बुंध्याला वळसा घालून इकडे येत होते. हिरवे, ताजे, आणि सगळ्यांना हवेहवेसे. सगळ्यात पुढच्या वेलाला एक इवलंसं कलिंगड धरलं होतं.

तात्पर्य : ज्याचा समूळ नाश व्हावा असं वाटत असेल, त्याच्याशी कधी लढू नये. लढाईत तो सहज टिकतो. त्याच्या घराच्या जागी सगळ्यांना आवडेल असं काहीतरी गोड लावावं, आणि पहिली फोड प्रेमानं त्यालाच द्यावी.